जीपची सोंड

आबांची जीप मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळाच्या तोंडाला वळली की मागं टाकलेले पाने, साखळ्या, बेअरिंगांचे डबे आणि तिकाटीचे लोखंडी पाय मिळून असा गलका करायचे की आई हातातलं काम टाकून चुलीवर तवा ठेवायची. जीप दारात लागेपर्यंत तवा तापायचा, आबा हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत पहिली भाकरी फुगायची. कधी अख्खा मसूर, कधी नुसता खर्डा आणि दही. घरात घड्याळ होतं, पण आबांच्या येण्याजाण्याला ते कधी उपयोगी पडलं नाही. त्यांची वेळ नदी ठरवायची आणि आमचं जेवण जीपचा आवाज.

आबा मोटारी भरायचे, म्हणजे जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची. आमच्या सोप्यात तारेची रिळं, वार्निशचा वास आणि कुणाची ना कुणाची उघडून ठेवलेली मोटर असायचीच. पाहुण्याला बसायला जागा करायची तर आधी मोटर सरकवावी लागे. पण त्यांचं खरं नाव होतं ते नदीकाठावर. भोगावतीच्या, पंचगंगेच्या काठानं शेतकऱ्यांच्या पाणी उपसायच्या मोटारी उतारावर बसवलेल्या असतात. पावसाळ्यात पाणी चढायला लागलं की त्या वेळेत वर ओढून घ्याव्या लागतात, नाहीतर मोटर पाण्याखाली जाते आणि गाळ भरून बसते. अशा वेळी काळ्या मातीच्या, गुडघाभर चिखलाच्या पाणंदीतून थेट काठापर्यंत जाणारं वाहन फक्त आबांकडं होतं. सरकारी लिलावात घेतलेली जुनी डिझेल जीप. तिची पुढची चाकंही ओढायची. तीन पायांची तिकाटी उभी करायची, तिला चेनपुली लावायची आणि मोटर वर घ्यायची. मी आयटीआयला होतो. सुट्टीला आबांच्या शेजारी पुढं बसून जायचो आणि ती जागा माझीच आहे असं धरून चाललो होतो.

माझी बहीण सुमी माझ्याहून दोन वर्षांनी लहान. एका सुट्टीत ती आबांना म्हणाली, "मीबी येणार." आबांना वाटलं, एक दिवस येईल, चिखल बघून गप बसेल. ती आली, दिवसभर काही बोलली नाही, आणि संध्याकाळी घरी आल्यावर भाकरी मोडतामोडता म्हणाली, "आबा, तुमी आज मोटर काढण्यापेक्षा पाना हुडकण्यातच जास्त येळ घालवला." आबा हसले. मी नाही हसलो, कारण ते पाने काढून द्यायचं काम माझं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं जीप हातात घेतली. पैसे कुणी देणार नव्हतं आणि तिनं मागितलेही नाहीत. माळ्यावर मोडकी खाट होती, तिच्या लाकडाचा तिनं जीपच्या मागच्या भागात बसेल असा सांगाडा केला. पेठेतल्या किराणा दुकानातून तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे आणले, त्यांची एकेक बाजू कापून कडा आत दुमडल्या आणि ते सांगाड्यात आडवे सरकवले. झाले खण. खण धक्क्यानं बाहेर येऊ नयेत म्हणून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून लावल्या. नटबोल्टसाठी तर तिनं कहरच केला. आईच्या लोणच्याच्या प्लॅस्टिकच्या बरण्या घेतल्या, त्यांची झाकणं फळीच्या खालच्या बाजूला स्क्रूनं पक्की केली, आणि बरण्या खालून फिरवून त्यात अडकवल्या. बाहेरूनच दिसायचं, कुठल्या बरणीत काय आहे. खाटेची नवार उरली होती, तिचे पट्टे करून चेनपुली बांधली. टपावर प्लॅस्टिकचा जाड पाइप दोन्ही टोकं बंद करून आडवा बांधला आणि मागं तोटी लावली, म्हणजे ग्रीसचे हात धुवायला पाणी. मागचा फाळका साखळ्यांवर आडवा राहील असा केला, त्यावर मोटर उघडता यायची आणि डबाही खाता यायचा. मामानं जयसिंगपूरहून आणलेल्या भडंगाचा डबासुद्धा कुठं बसवायचा ते तिनं ठरवून ठेवलं होतं.

तक्रार केली ती फक्त आईनं. डब्यांना आतून ट्यूब चिकटवल्यामुळं जीपचा गलकाच बंद झाला. आबा न सांगता दारात उभे राहायला लागले.

"आलासा? मला कसं कळायचं? तवा थंड हाय अजून!" आई ओरडायची.

"तुझ्या पोरीला ईचार. तिनं गाडीचं तोंड बांधलंय," आबा म्हणायचे, आणि थंड तव्यापाशी बसून आनंदानं वाट बघायचे. ते वाट बघतानाचं तोंड मला अजून दिसतं. माझ्यासाठी त्यांनी कधी भाकरीची वाट बघितली नव्हती.

आता माझ्या मोबाइलवर कुणीतरी सारखे व्हिडिओ पाठवतं. डोंगरदऱ्यांत न्यायच्या गाड्यांमध्ये कमी पैशात खण कसे करायचे, पाण्याचा पाइप कसा बांधायचा, फाळक्याचं टेबल कसं करायचं. पोरं छान बोलतात, खाली लोक वाहवा करतात. मी ते शेवटपर्यंत बघतो. हे सगळं आमच्या बोळात एका मुलीनं मोडक्या खाटेतून केलं होतं, आणि तिला ते सोडायला मी लावलं. हे प्रकरण त्यासाठी लिहितो आहे. आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

नदीकाठावर शेतकरी जीपभोवती जमायचे. खण ओढून बघायचे, बरण्या फिरवून बघायचे. "पावणं, ही आयड्या कुणाची म्हणायची?" आणि आबा चिखलात उभे राहून, छाती काढून सांगायचे, "माझ्या पोरीची की!" मी तिकाटीचे पाय रोवत असायचो. पुढची जागाही गेली. सुमीला रस्त्यातले खड्डे आधी दिसतात म्हणून ती आबांच्या शेजारी, आणि मी मागं. आबा म्हणाले, "तू मागं बस रं. तुझं वजन हाय, मागली चाकं धरत्यात." ते खरंही होतं, म्हणूनच जास्त लागलं. मोटारीच्या बाबतीत मी मुलगा होतो, जीपच्या बाबतीत वाळूचं पोतं.

मीही काहीतरी करून दाखवायचं ठरवलं. ओळखीच्या वेल्डरकडं बसून जीपच्या टपासाठी अँगलचं भलंमोठं कॅरिअर केलं. चौघांनी मिळून वर चढवलं. जीप वळणावर अशी कलायला लागली की आबा स्टिअरिंगला मिठी मारून बसायचे. आठवड्यात त्यांनी ते उतरवलं. रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "लोखंड चांगलं हाय." गच्चीवर नेऊन टाकलं. त्या वर्षीचे सांडगे आईनं त्यावरच वाळवले, आणि सुमी कौतुकानं म्हणाली, "दादा, सांडग्यांना काय हवा लागते बघ!" तिच्या मनात काही नव्हतं. मी ते ऐकून दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही.

मग तिनं सोंड केली. नदी फुगली की तिला मिळणारे ओढे मागं तुंबतात आणि पाणंदीवर पाणी उभं राहतं. जीप त्यातून जाऊ शकते, पण इंजिन हवा घेतं ती बॉनेटच्या आतून. तिथपर्यंत पाणी आलं की इंजिन हवेबरोबर पाणी ओढतं आणि संपतं. सुमीनं बॉनेटच्या बाजूला भोक पाडलं, पंपाच्या रबरी पाइपचा तुकडा हवेच्या फिल्टरला जोडला, त्याला पुढं प्लॅस्टिकचा पाइप जोडून तो काचेच्या कडेनं टपापर्यंत वर नेला. वर पाऊस आत जाऊ नये म्हणून वाकडा एल्बो. रबरी तुकड्याच्या खालच्या तोंडाला एक क्लिप, वरच्या तोंडाला एक. जीपला खरंच हत्तीची सोंड आल्यासारखं दिसायचं. पेठेतली पोरं मागं पळायची. तिनं परीक्षाही शोधून काढली होती: इंजिन चालू ठेवायचं आणि सोंडेच्या वरच्या तोंडावर तळहात दाबून धरायचा. इंजिन गुदमरून बंद पडलं तर सगळे जोड पक्के. चालूच राहिलं तर ते कुठून तरी चोरून हवा घेतंय, आणि जिथून हवा तिथून पाणी. पाण्यात जायच्या आधी दरवेळी हात लावून बघायचंच, असा तिचा नियम होता. आबाही तो पाळायचे.

त्या पावसाळ्यात नदी भराभर चढत होती. एका संध्याकाळी भोगावतीकाठचे केरबातात्या भिजत दारात आले. त्यांची आणि भावकीतल्या सगळ्यांची मिळून एकच मोटर होती, सगळ्यांचा ऊस तिच्यावर. सकाळच्या आत वर काढायला पाहिजे म्हणाले. "पण पाणंदीवर पाणी आलंय, आबा. गाडी यील का?"

"सोंड हाय की आता," आबा म्हणाले, आणि सुमीच्या डोक्यावर हात ठेवला. "हिला आता गाडी शिकवतो, तात्या. माझ्यामागं ही जीप हिचीच."

तात्या म्हणाले, "पोरीची जात, लग्न हून जाईल."

"जाऊ दे. जाताना गाडी घेऊन जाईल." आणि मग माझ्याकडं न बघता, "तात्यास्नी चहा सांग रं."

मी चहा सांगायला आत गेलो. आबा थट्टेत बोलले असतील. आजही मला तसं वाटतं. पण त्या संध्याकाळी मी ते थट्टा म्हणून घेतलं नाही.

सकाळी निघायच्या आधी इंजिनचं तेल बघायचं काम माझ्याकडं होतं. पाऊस लागलेला. मी बॉनेट उघडलं. तेल ठीक होतं. आणि मग दिसलं की रबरी तुकड्याची खालची क्लिप ढिली होऊन फिल्टरच्या तोंडावरून घसरली आहे आणि रबर बोटभर बाजूला सरकलं आहे. आदल्या दिवशीच्या खड्ड्यांनी झालं असेल. स्क्रूड्रायव्हर माझ्या शर्टाच्या खिशात होता. दोन वेळा पिळायचा, संपलं. मी ते रबर बघत उभा राहिलो. मनात काय होतं ते नेमकं लिहितो, कारण ते सुशोभित करण्यात अर्थ नाही. गाडी पाण्यात बंद पडावी असं मला वाटत नव्हतं. मला वाटत होतं की काठावर हात लावून बघतील, इंजिन बंद पडणार नाही, तात्या आणि चार माणसं उभी असतील, आणि त्या सगळ्यांसमोर सुमीचं एकदा चुकेल. एकदाच. मग मी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढीन आणि दुरुस्त करीन. मी बॉनेट लावलं.

पाणंदीपाशी पोचलो तेव्हा पलीकडं भावकीतली माणसं हात हलवत होती, ओरडत होती. पाणी मोटारीला टेकायला आलं होतं. सुमी खाली उतरायला लागली. दार अर्धं उघडून तिनं मागं वळून मला विचारलं, "दादा, सकाळी बॉनेट उघडलावतास न्हवं? हात लावून बघितलास?"

हे मी ठरवलं नव्हतं. ती विचारील असं मनात आलंच नव्हतं. नाही म्हटलं असतं तर ती उतरली असती, माझा बेत मी म्हणत होतो तसाच पार पडला असता. पण तिनं ते ज्या विश्वासानं, ज्या सवयीनं विचारलं, जणू तिच्या गाडीवरचा मी गडीच, ते ऐकून माझ्या तोंडातून आलं, "व्हय. बघितलं. बराबर हाय."

"बघितलंय त्यानं," ती आबांना म्हणाली आणि दार लावून घेतलं.

आबांनी जीप पाण्यात घातली. पाणी चाकांवर आलं, बॉनेटवर आलं. त्या वेळी मी ओरडायला पाहिजे होतं. मी मागं खणांना धरून बसून राहिलो. निम्म्यावर गेल्यावर इंजिननं एक घोट घेतल्यासारखा आवाज केला, आतून काहीतरी ठक्कन वाजलं, आणि सगळं शांत झालं. नुसता पाण्याचा आवाज. आबांनी पुन्हा स्टार्टर मारायला हात नेला तर सुमीनं त्यांचा हात धरला. "नगा, आबा. पाणी आत गेलंय." आम्ही मागच्या फाळक्यावरून छातीभर पाण्यात उतरलो. आबांना पोहता येत होतं, तरी सुमी त्यांचा दंड धरून चालत होती.

जिवाला कुणाच्या काही झालं नाही. दुपारी ट्रॅक्टरनं जीप ओढून काढली. मोटर तोपर्यंत पाण्याखाली गेली होती आणि तात्यांची भावकी बांधावर उभी राहून तिथं बघत होती. त्यांच्यातला एकजण म्हणाला, "पोरीचं ऐकून गाडी पाण्यात घातली व्हय? शाणा माणूस न्हवं तुमी?" आबा म्हणाले, "तिला कशाला बोलतासा? गाडी मी घातली." बॉनेट उघडलं तर रबर साफ निघून आलेलं. सुमीनं ते हातात घेतलं, फिरवून फिरवून बघितलं.

"दादानं बघितलं तवा बराबर होतं," ती म्हणाली. "म्हंजे वाटंत सुटलं. म्हंजे माझा जोडच कच्चा."

आबांनी माझ्याकडं बघितलं. फार थोडा वेळ. त्यात संशय होता की नुसता थकवा, हे मला आजही सांगता येत नाही. मी मान खाली घातली आणि तिकाटीचे पाय गोळा करायला लागलो.

इंजिनातला कनेक्टिंग रॉड वाकला होता. जीप गॅरेजात पडून राहिली. परत आली तेव्हा सोंड काढलेली होती, भोकावर पत्रा मारला होता. आबांनी सुमीला दोन-तीनदा हाक मारली, "येतीस का?" ती म्हणाली, "अभ्यास हाय." बरण्या तिनं एकेक फिरवून काढल्या, राखेनं घासल्या आणि आईला परत दिल्या. मग तिनं बी.कॉम. केलं, लग्न होऊन जयसिंगपूरला गेली. पुढची जागा मला मिळाली, पुढं धंदाही मिळाला. पण त्या जागेवर बसून मी वर्षानुवर्षं ऐकलं ते हेच: आबा एखाद्या चिखलात गाडी थांबवून म्हणायचे, "सुमी असती तर हितं काय तरी काढलं असतं तिनं." मी तिची जागा घेतली होती, आणि तरी मीच तिचा हेवा करत होतो. आता आबा नाहीत.

गेल्या दिवाळीनंतर सुमीच्या मुलाचा, संदेशचा फोन आला. तो कागलच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. त्यानं जुनी फोर-बाय-फोर घेतली होती आणि सुट्टीत घरीच तिच्यात सामानाचे खण बसवत होता. "मामा, या की बघायला." मी जयसिंगपूरला गेलो. अंगणात गाडी उभी, प्लायवुडचा भुसा पडलेला. सुमी पायरीवर शेंगा फोडत बसली होती. तिनं गाडीला हात लावला नव्हता, हे तिच्या बसण्यावरूनच कळत होतं. संदेशनं बाजारातून सोंड आणली होती, तिला आता इंग्रजी नाव आहे. तो ती दाखवायला लागला तशी सुमी म्हणाली, "त्याच्या नादाला लागू नको, बाळा. जोड सुटतोय. मी एकदा आबांना बुडवायला निघाले होते."

तिनं ते हसत म्हटलं. इतक्या वर्षांत तिनं ते हसण्यासारखं करून घेतलं होतं. मला ते सहन झालं नाही.

"तुझा जोड सुटला नव्हता," मी म्हणालो. "क्लिप सकाळीच घसरलेली. मी बघितली होती."

शेंगा फोडणारा हात थांबला. "कुठली?"

"खालची."

"आणि वरची?"

"वरची घट्ट होती."

तिनं संदेशला आत पाठवलं. मग म्हणाली, "तू हात लावून बघितलं म्हणालास."

"नव्हतं बघितलं."

"का?"

मी सांगितलं. चहा सांगायला पाठवलं ते, वाळूच्या पोत्याचं, सांडग्यांचं, सगळं. उघड्या अंगणात, पन्नाशीच्या पुढं गेलेला माणूस सांडग्यांचं सांगत होता. तिनं मधे एकदाही अडवलं नाही. माझं झाल्यावर ती बोलली, आणि आवाज चढवला नाही.

"आबा दवाखान्यात होते तेव्हा मी त्यांची माफी मागितली होती, दादा. त्या गाडीची. तू औषध आणायला खाली गेलावतास."

मला ठाऊक नव्हतं. शेवटच्या त्या दिवसांत मी आबांच्या उशाशी बसून होतो आणि मला वाटत होतं की निदान तेवढे दिवस तरी ते माझे आहेत.

"काय म्हणाले आबा?" मी विचारलं.

विचारल्यावर मलाच ऐकू आलं मी काय विचारलं ते. तिला ते माझ्या आधी ऐकू आलं होतं. ती माझ्याकडं बघत राहिली, लहानपणी ढिला स्क्रू सापडला की बघायची तशी.

"ते मी तुला सांगणार न्हाय," ती म्हणाली, शेंगांचं ताट उचललं आणि आत गेली.

बरोबर केलं तिनं. मी एसटीनं परत निघालो. हातकणंगलेपर्यंत खिडकीशी बसून एकच गोष्ट जुळवत होतो, आबा तिला काय म्हणाले असतील. कधी वाटतं, हसले असतील नुसते. कधी वाटतं, माझं नाव घेतलं असेल. अजून जुळवतोय.